मुंग्या न येणारी जमीन

शमीम आपांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, तळहात राहत असे. गेवराईच्या कॉलेजात मी भूगोल शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "हात दाखवा सर," म्हणाल्या. मी बिचकत उजवा हात पुढं केला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात नेला, अंगठ्यानं तळव्याची कातडी चाचपली, पेरांवरून नख फिरवलं आणि हात सोडून दिला.

"ठीक हाय. पाणी कुठलं पिता?"

बाई भविष्य सांगणार, म्हणून मी वाट बघत उभाच राहिलो. शेजारचे इतिहासाचे सर हसले. "बसा आता. आपा नशीब न्हाईत बघत, नुसता पाण्याचा पत्ता विचारतात."

आपा रसायनशास्त्र शिकवत. उंच, सडपातळ, पांढरी ओढणी कानामागं घट्ट खोचलेली, मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ. आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावरची मुलंही गप्प बसत, कारण नाहीतर ऐकूच येत नसे. पर्समध्ये कायम कागदात बांधलेला गुळाचा खडा. साखर कमी होत असेल, असं सगळ्यांना वाटे. त्यांना खडा खाताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

आपांचा स्वतःचा तळहात मी पहिल्यांदा बघितला तो खडूचा डबा घेताना. राळ्याचे दाणे कातडीखाली पेरावेत तसा तो बारीक, टणक गाठींनी भरलेला होता. माझी नजर अडकलेली त्यांना दिसली.

"आमच्या गोदामाच्या आडाचं पाणी," त्या म्हणाल्या. "लहानपणी प्यायलेलं. वडिलांच्या हाताला असंच होतं, त्यांच्या तळपायालापण."

बेल झाली, तासावर गेल्या.

गोदाम म्हणजे त्यांच्या आजोबांची चामड्याची वखार. हायवेच्या खालच्या अंगाला, वस्तीच्या वर, उताराची एक जागा होती. गावोगावच्या बाजारांतून आलेली कच्ची कातडी तिथं वाळवून रचून ठेवत आणि मग बाहेर पाठवत. वाळलेल्या कातड्याला कीड लागू नये म्हणून ती हौदात बुडवून काढत, आणि त्या हौदाच्या पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असे. उंदरांना घालतात तोच. हौद फुटला की पाणी अंगणात जाई, कातडी निथळत ती अंगणातच. धंदा कधीच बंद पडला. पत्रे गेले, भिंती गेल्या. अंगण राहिलं.

आपांनी मला ते एका संध्याकाळी दाखवलं. मी नवा होतो, हौशी होतो, तालुक्यातल्या मातीचे नमुने जमवत होतो, म्हणून मीच मागं लागलो होतो.

आधी मला काहीच वेगळं दिसलं नाही. काळी जमीन, थोडं कुसळ, कडेला बाभळीचे खांब. आपा म्हणाल्या, "खांब बघा." मी हात लावला. वखारीच्या वेळचे खांब, जमिनीत गाडलेले, आणि बुडापाशी कडा अजून धारदार. आमच्याकडं लाकूड जमिनीत रोवलं की वाळवी दोन पावसाळ्यांत त्याचं पीठ करते.

"वाळवी न्हाई इथं," आपा म्हणाल्या. "आता उभे राहा थोडं. बोलू नका."

दिवस मावळत होता. पलीकडच्या शेतात रातकिडे सुरू झाले होते, हायवेच्या खालच्या नालीत सुरू झाले होते. चारी बाजूंनी आवाज येत होता आणि अंगणाच्या कडेशी येऊन थांबत होता. आम्ही उभे होतो तिथं काही नव्हतं. कान दुखावेत इतकं काही नव्हतं. मी नकळत एक पाऊल मागं, कुसळाबाहेर घेतलं.

आपांनी पर्समधून गुळाचा खडा काढला आणि जमिनीवर ठेवला. आम्ही दगडावर बसून राहिलो. गूळ होता तसाच राहिला.

"दादांनी कातडी राखायला सोमल वापरला," त्या म्हणाल्या. दादा म्हणजे आजोबा. "कातडी गेली. आता ही जमीनच एक कातडं झाली बघा. राखलेलं."

ही जमीन त्यांनी विकायला काढली नाही, घर बांधलं नाही. त्यांच्या भावाचा मुलगा अख्तर हायवेवर गॅरेज चालवतो. त्याच्या आणि शेजारपाजारच्या लेथवर पडलेला लोखंडाचा चुरा तो पोत्यात भरून आणे. आपा तो चुरा ओटीत घेऊन अंगणभर फेकत, बायका धान्य फेकून पेरतात तसा. मग अख्तर माती वरखाली करी आणि आपा झारीनं नुसती ओल देत. चुरा गंजला पाहिजे, पण पाणी साचता कामा नये. वरच्या उताराचं पाणी आत येऊ नये म्हणून अंगणाभोवती त्यांनी एक उथळ नाली खणून घेतली होती. पावसाळ्यात त्या छत्री घेऊन नालीतली पानं काढत फिरत.

अख्तर माझ्याशी मोकळा होता. "सर, लोकं गंज काढायला माझ्याकडं येतात," तो म्हणे, "अन् आमची फुफी गंज पेरती. गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"सांग, फुफीचं पीक चांगलं हाय," आपा म्हणत.

गंजाबद्दल त्या जिवंत वस्तूबद्दल बोलावं तसं बोलत. ताजा गंज भुकेला असतो, सोमल दिसला की ओढून धरतो. वर्षं गेली की तो आवळत जातो, कडक होतो. आवळताना धरलेल्यातलं काही आत गाडून टाकतो, ते मग सहसा सुटत नाही. पण काही बाहेर ढकलतो. म्हणून पुन्हा ताजा चुरा टाकायचा. "म्हाताऱ्याच्या हातनं सुटलं ते तरण्यानं धरायचं," त्या म्हणत, आणि स्वतःच्या तळहाताकडं बघत.

अंगणाच्या खाली वस्ती आहे. बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तिथं एकच हापसा. दर पावसाळ्यानंतर आपा तिथं जात, बाटलीत पाणी घेत, त्यात पुडी टाकत, झाकणात कागदाची पांढरी पट्टी अडकवत आणि बायकांचे हात बघत बसत. पाण्यात सोमल असला तर पट्टी पिवळी पडते; पांढरीच राहिली की उठत. वस्तीतल्या गयाबाई, सगळ्यांत मोठ्या आणि तोंडानं तिखट, दरवर्षी त्यांना एकच विचारत.

"आपा, माझ्या सुनेच्या हातात पोरगं हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"मला न्हाई दिसत ते, गयाबाई."

"मंग काय उपेग तुमचा? आमचा बामन तरी सांगतो. खोटं का हुईना."

आपा हसत. ते हसू मला आजही ऐकू येतं, कारण पुढं ते फारसं ऐकायला मिळालं नाही. त्याचं कारण मी आहे. हे मी आडून लिहिणार नाही.

आमच्या भागात पाणी अडवणं हे पुण्य आहे. बांध घालणाऱ्याला कुणी कशाला म्हणून विचारत नाही. कॉलेजच्या श्रमदान शिबिराची जबाबदारी माझ्याकडं आली, त्या वर्षी हापसा उन्हाळ्यात कोरडा पडला होता. गयाबाई आणि चार बायका माझ्या घरी आल्या. "सर, तुमी भूगोलाचं शिकवताव म्हणं. आमच्या हापशाला पानी कावून न्हाई?" मी नकाशा काढून बसलो. हापशाच्या वरच्या अंगाला पाणी जिरवायला एकच मोकळी जागा होती, आपांचं अंगण.

आपांना मी विचारलं होतं. "सगळीकडं अडवा, सर," त्या म्हणाल्या होत्या. "फक्त तिथं न्हाई." मी म्हणालो, आपा, इतक्या वर्षांत काय असेल ते वाहून गेलं असेल. पाऊस सगळं धुऊन नेतो, हे मी वर्गात शिकवतच होतो. त्या म्हणाल्या, "गेलं न्हाई. धरून ठेवलंय." मला ते पटलं नाही. गावात बोललं जाई की आपा प्लॉटचा भाव चढायची वाट बघतात, म्हणून कुणाला पाय ठेवू देत नाहीत. ते मात्र मला पटलं. हे लिहिताना माझी मान खाली जाते, पण तसंच झालं.

त्या उन्हाळ्यात आपांची बहीण हैदराबादला आजारी पडली. आपा तिकडं गेल्या आणि पावसाळाभर अडकल्या. मी शिबिर घेतलं. अख्तर आला होता, म्हणाला, "फुफीला फोन करा सर." मी करतो म्हणालो, आणि केला नाही. गयाबाईंनी नारळ फोडला. मुलांनी खालच्या अंगाला मातीचा बांध घातला. आपांची नाली मी स्वतः पहिली फावडी टाकून बुजवली, म्हणजे वरचं पाणी आत यावं. कार्यक्रमात मला शाल मिळाली.

पाऊस चांगला झाला. अंगणाचं तळं झालं. मी रोज संध्याकाळी बघायला जात असे. पाणी लवकर निवळलं, मग हिरवट झालं, मग कडेनं तांबूस. एक गोष्ट मला फार आवडली होती, ती मी स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगितलीही होती: तळ्यावर डास नव्हते. पावसाळ्यातलं साचलेलं पाणी आणि त्यात एक बेडूक ओरडत नव्हता. मी त्याला स्वच्छता समजलो.

हापशाला पाणी भरपूर आलं. वस्तीनं ते पावसाळाभर प्यायलं.

आपा परतल्या तेव्हा अख्तरनं त्यांना स्टँडवरून सरळ तिथंच आणलं होतं. मला निरोप आला म्हणून मी गेलो. त्या बांधावर उभ्या होत्या, हातात छत्री, पिशवी अजून खांद्याला. पाण्यावर रंगीत तवंग होता. मी घाईनं म्हणालो, "कुणीतरी डिझेल सांडलं असेल."

आपांनी वाळकी काडी घेतली आणि तवंगाला लावली. तो काचेसारखा तडकला. तुकडे झाले आणि तुकडेच राहिले.

"तेल असतं तर परत जुळलं असतं," त्या म्हणाल्या. "हे लोखंड हाय. खालून सुटून वर आलंय."

मला अजून कळलं नव्हतं. त्यांनी ते वर्गात सांगावं तसं सांगितलं, माझ्याकडं न बघता. पाणी साचलं की मातीतली हवा संपते. हवा संपली की गंज विरघळतो. "अन् गंज विरघळला की त्याच्या मुठीत काय असतं, ते कुठं जातं, सर?"

त्या उतार उतरू लागल्या. मी मागं गेलो. हापशावर गयाबाई कळशी भरून कमरेवर घेत होत्या. "आल्या का आपा? बघा, तुमच्या मागं कसं पानी आलंय!" आपांनी पिशवी उघडली. बाटली काढली, पुडी टाकली, पट्टी लावली. आम्ही तिघं त्या पांढऱ्या कागदाकडं बघत उभे राहिलो. दुपारचं ऊन होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. कागद पिवळा झाला. मग हळदीसारखा. मग गाळलेल्या चहासारखा.

"कावून असं बघताव, आपा?" गयाबाईंनी विचारलं.

आपांनी त्यांच्या कमरेवरची कळशी घेतली आणि जमिनीवर ओतली. मग म्हणाल्या, "हात दाखवा."

मागून आलेल्या अख्तरनं पान्यानं हापशाचा दांडा काढला. आपा तो लोखंडी दांडा लहान मुलाला घ्यावं तसा दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या आणि बायका भोवती जमून ओरडत होत्या. आता पाणी कुठून, टँकर कोण देणार, भर पाण्यात हापसा बंद करणारी ही कोण. संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळे बसले. सोमल तुमच्या आजोबाचा, जमीन तुमची, आणि दांडाही तुम्हीच काढला, असं लोक आपांना तोंडावर म्हणाले. आपा म्हणाल्या, "हां. आमच्या जमिनीचा दोष हाय." बांधाचं नाव काढलं नाही. माझं काढलं नाही. मी त्याच पाराच्या कडेला बसलो होतो. उठून बोलायला पाहिजे होतं. मी माझ्या चपलेकडं बघत बसलो.

नंतर, टँकर सुरू झाल्यावर, मी गयाबाईंच्या दारात जाऊन सांगितलं की चूक माझी होती. त्या भाकरी थापत होत्या. "ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "नारळ म्याच फोडला न्हाई का? ते पारावर बोलायचं हुतं, सर. इथं चुलीपाशी बोलून काय हुतं?"

बांध फोडला. पण सोमलाचं पाणी खाली वस्तीकडं सोडता येत नव्हतं, म्हणून त्याआधी अख्तरनं पंप लावून ते वरच्या उघड्या खड्ड्यात घेतलं, तिथं लोखंडाचा चुरा ओतला. पाणी हवेला आलं की लोखंड पुन्हा गंजून खाली बसे, भगवा गाळ होऊन, आणि सुटलेलं बरंचसं परत धरून खाली नेई. तो गाळ वेगळा भरून झाकून ठेवावा लागे. नाली पुन्हा खणली. ती मी खणली. आपा काठावर छत्री घेऊन उभ्या राहत आणि एवढंच म्हणत, "ढाळ बघा सर, ढाळ."

मी एकदा विचारलं, पहिल्यासारखं कधी होईल?

"पहिल्यासारखं व्हायला पहिल्याएवढी वर्षं लागतात," त्या म्हणाल्या. "तो जुना गंज होता. आवळलेला. आता सगळं नवीन हाय, हलकं हाय. पुन्हा पाणी साचलं तर लगेच सोडंल."

वस्तीतल्या लोकांचे हात त्या दर महिन्याला बघू लागल्या. एक पावसाळा पाणी प्याल्यानं लगेच काही उमटत नाही, असं त्या सांगत, आणि तरी बघत. त्यांचं आपल्याशीच एक बोलणं सुरू झालं होतं. अंगणात उभ्या राहून त्या खालच्या मातीला काहीतरी विचारत. अख्तर मला हळूच म्हणाला, "फुफीला वाटतं, ती काय सांगती ते त्याला ऐकू येतं." कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही. पण त्या उभ्या असताना ते अंगण मला कधी रिकामं वाटलं नाही.

मग त्यांना चालवेनासं झालं. डॉक्टरांनी यकृताचं काहीतरी सांगितलं. लहानपणचं पाणी का, असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, आता कसं सांगणार. आपांनी हापशाचा दांडा माझ्याकडं पाठवून दिला. सोबत निरोप: पट्टी दोन पावसाळे सलग पांढरी राहिली, मोठ्या प्रयोगशाळेनंही हो म्हटलं, आणि गुळाला मुंग्या आल्या, तरच लावायचा. तो आमच्या देवघराच्या खोलीत उभा आहे. बायको त्याला हात लावत नाही.

आपांना शेवटचं मी त्या अंगणात बघितलं. हिवाळ्यातली सकाळ. अख्तरनं गाडीतून आणून त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि तो गॅरेज उघडायला गेला. मी सोबत राहिलो. त्यांनी पर्समधून गूळ काढून मला दिला, मी तो दाखवतील तिथं ठेवला. आम्ही वाट बघत बसलो. नालीच्या पलीकडं मुंग्यांची रांग चालली होती, चांगली जाड, काळी. एखादी नालीत उतरे, अलीकडच्या मातीला मिशा लावे, आणि वळून परत जाई. मी ते बघत होतो. आपाही बघत होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, कारण तिथं दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांचे डोळे मिटले. मला ते सहन झालं नाही. मी उठलो, नाली ओलांडली, वाळक्या पानावर एक मुंगी घेतली आणि आणून गुळावर सोडली. मग जागेवर येऊन म्हणालो, "आपा, बघा."

त्यांनी डोळे उघडले. मुंगी गुळावर फिरत होती. आपा पुढं वाकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला लिहिता येणार नाही. पारावरही ते आलं नव्हतं, पट्टी पिवळी झाली तेव्हाही नाही. एवढी आशा मी माणसाच्या तोंडावर कधी बघितली नव्हती. मग त्या गुळाच्या भोवतालची माती बघू लागल्या. माती मोकळी होती. मागून रांग नव्हती.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमी आणून सोडली न्हाई ना?"

मी या वेळी चपलेकडं बघितलं नाही. "आणली," म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. मी धरायला गेलो तर मानेनंच नको म्हणाल्या. कशाबशा खाली बसल्या आणि गुळाजवळ तळहात टेकवला. मुंगी त्यावर चढली. त्या टणक गाठींमधून ती वाट काढत होती, आणि आपा हात सरळ धरून, एकेक पाऊल टाकत, नालीकडं निघाल्या. छत्री खुर्चीपाशीच राहिली होती. काठाशी त्या थांबल्या, वाकल्या, हात पलीकडच्या मातीला लावला आणि मुंगी उतरेपर्यंत तसाच धरून ठेवला.